नवीन मासे आणि कोरल : विलगीकरण खरंच करता का, की थेट टँकमध्ये?

काठावरचा

नमस्कार मंडळी. थोडं रडगाणं आहे, सहन करा.

खाऱ्या पाण्याचा टँक सुरू करून दीड वर्ष झालं. दोन क्लाऊन, एक रॉयल ग्रामा, एक गोबी आणि त्याचा जोडीदार पिस्टल श्रिंप. सगळे आणले तसे सोडले. पिशवी अर्धा तास पाण्यावर तरंगवायची, मग मासा आत. कोणालाही काही झालं नाही. मग वाचन वाढलं आणि 'नवीन मासा क्वारंटाइन केल्याशिवाय टाकणं म्हणजे अडाणीपणा' हे इतक्या ठिकाणी दिसलं की मला माझीच लाज वाटायला लागली. म्हणून ४० लिटरचा वेगळा टँक मांडला. स्पंज फिल्टर, हीटर, लपायला पाइपचे दोन तुकडे. त्यात एक टँग आणि एक फ्लेम एंजल आणले आणि पुस्तकात सांगितल्याप्रमाणे कॉपर (परजीवी मारायचं तांब्याचं औषध) दिलं.

टँग पाचव्या दिवशी गेला. एंजल सातव्या. दोघांच्याही अंगावर शेवटपर्यंत रोगाचा एक ठिपका नव्हता.

म्हणजे बिनक्वारंटाइनचे पाच जीव ठणठणीत आणि क्वारंटाइन केलेले दोन मेले. माझा सरळ प्रश्न: तुम्ही हे खरंच करता का? की नुसतं दुसऱ्याला सांगता?

बुडबुडा

नाही करत. बारा वर्षं झाली. मासा घेताना तो माझ्यासमोर खातोय का ते बघतो, आणखी एक आठवडा तिथेच राहू देतो, मग आणतो. क्वारंटाइन टँकमध्ये आजाराने मरतात त्याहून जास्त मासे क्वारंटाइनने मरतात. हे माझं मत, दिवे घ्या.

रीफवेडी

बुडबुडा, मीही अशीच होते. अकरा महिने.

मग एक छोटासा क्रोमिस आणला. तिथे खात होता, अगदी तुटून पडत होता खाण्यावर. घरी आणून टाकला. तिसऱ्या दिवशी सगळेच मासे जरा गप्प वाटले. माझा टँग वेव्हमेकरच्या तोंडासमोर प्रवाहात तोंड करून उभा राहायचा, हलायचा नाही. मला वाटलं, मजा करतोय. रात्री दिवे बंद झाल्यावर बाजूने तिरका टॉर्च मारला तेव्हा दिसलं. ठिपके नव्हते. चाळणीतून पडलेल्या बारीक धुळीसारखं काहीतरी अंगभर, सोनेरीसर. कल्ले इतक्या वेगाने उघडमीट करत होते की मोजता येईनात.

वेल्वेट, परजीवीचा रोग. चार दिवसांत नऊ मासे. शेवटचा रॅस मी हातात धरून बाहेर काढला.

तेव्हापासून करते. दुसऱ्याला सांगायला नाही, झोप लागायला.

शंखनाद

मी विलगीकरण करतो. मासे टँकमध्ये आणि मी स्वयंपाकघरात, कारण बादल्या माझ्या नाहीत.

जुना_टँकवाला

काठावरचा, दोन मासे गेल्याचं वाईट वाटलं. तुमच्या प्रश्नाकडे येतो, पण आधी एक गोष्ट. लोक इकला 'पांढरे ठिपके' म्हणतात आणि ठिपके गेले की आजार गेला असं धरतात. तिथेच घोळ होतो.

खाऱ्या पाण्यातला इक म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स. एकपेशीय जीव. माशाच्या कातडीखाली तो साधारण ३ ते ७ दिवस बसतो, खातो, फुगतो. हाच तुम्हाला दिसणारा ठिपका. मग तो आपणहून माशाला सोडतो आणि खाली जाऊन कशालातरी चिकटून कवच करून घेतो. दगड, वाळू, काच, शंखाची पाठ, कोरलचा प्लग (ज्यावर कोरल चिकटवून विकतात ती चकती), काहीही चालतं त्याला. त्या कवचात त्याची शेकडो पिल्लं तयार होतात आणि फुटून बाहेर पडतात. पिल्लांच्या हातात एखाद-दोन दिवस असतात, तेवढ्यात मासा सापडला नाही तर मरतात.

म्हणजे ठिपके नाहीसे झाले तेव्हा मासा बरा झालेला नसतो. परजीवी बाळंतपणाला गेलेला असतो.

बहुतेक कवचं आठवड्या-दोन आठवड्यांत फुटतात, पण काही फार रेंगाळतात. प्रयोगात सगळ्यात उशिराचं ७२ दिवसांनी फुटलेलं नोंदवलं आहे. टँक 'फॅलो' ठेवायचा, म्हणजे मासे काढून रिकामा ठेवायचा, तर ७२-७६ दिवस असं जे सांगतात ते त्यावरूनच आलं. आणि औषधं फक्त त्या पोहणाऱ्या पिल्लांवर चालतात. कातडीखाली बसलेल्याला आणि कवचातल्याला कॉपर शिवत नाही. म्हणून दोन दिवस औषध देऊन काही होत नसतं, पूर्ण ताकदीचं कॉपर सलग महिनाभर टिकवावं लागतं.

बुडबुडा

हे सगळं मान्य आहे दादा. पण माझ्या टँकमध्ये इक असेलही. मासे धडधाकट आहेत, पोटभर खातात, पाण्यातले जंतू मारणारा यूव्ही दिवा चालू आहे. त्यांना प्रतिकारशक्ती आली आहे. निर्जंतुक मासा हा काचेच्या पेटीत वाढवलेल्या लाडोबासारखा, पहिल्या वाऱ्याला आडवा.

गप्पी

मासा काचेच्या पेटीतच असतो हो 😄

चिकित्सक

बुडबुडा म्हणतात त्यात तथ्य आहे, पण अर्धं. इकमधून वाचलेल्या माशांना काही महिने प्रतिकारशक्ती राहते, हे प्रयोगांतून दिसलं आहे. पण ती कायमची नसते आणि नव्या येणाऱ्या माशाकडे ती असेलच असं नाही. तुमचे जुने मासे हसतखेळत परजीवी सांभाळतात आणि तुम्ही आणलेला नवा टँग त्यात उडी घेतो. टँगच्या अंगावरचा चिकट थर पातळ, म्हणून तोच पहिला पकडला जातो.

आणि हे सगळं इकपुरतं. वेल्वेटला, म्हणजे अमायलूडिनियमला, 'सांभाळायला' वेळच मिळत नाही. तो आधी कल्ल्यांत शिरतो, अंगावर धूळ दिसेपर्यंत मासा अर्धा गेलेला असतो. क्लाऊनवर येणाऱ्या ब्रुकलिनेला या परजीवीवर तर कॉपर चालतच नाही, तिथे फॉर्मालिन लागतं. त्यामुळे 'क्वारंटाइन म्हणजे कॉपर' हे समीकरणही चूक आहे.

काठावरचा, तुम्ही मूळ पोस्टमध्ये मोघम लिहिलं आहे. जरा नीट सांगा: स्पंज कुठून आणला? कोणत्या जातीचं कॉपर, किती, किती दिवसांत चढवलं, मोजलं कशाने? आणि त्याशिवाय पाण्यात काय काय टाकलं?

गप्पी

मी गोड्या पाण्यातली, इथे चोरपावलांनी वाचते. आमच्याकडे इक वेगळा, इक्थिऑफ्थिरियस, पण खोड तीच. पाणी हळूहळू ३० अंशांपर्यंत नेलं की त्याचं चक्र भरभर फिरतं आणि औषधाच्या तावडीत लवकर सापडतो. हे खाऱ्या पाण्यातल्याला लागू नाही, कोणी हीटर वाढवत बसू नका.

आमचं खरं दुखणं कॅमॅलॅनस, आतड्यातला जंत. गप्पी आणले, तीन आठवडे गुटगुटीत. मग एकीच्या मागून लाल दोऱ्यासारखं काहीतरी डोकावताना दिसलं, ती थांबली की बाहेर, हलली की आत. जंत. तीन आठवडे काहीच दिसत नाही, म्हणून मी आता चारच्या चार आठवडे मोजते. लेव्हामिसोल हे जंताचं औषध दिलं, खालची विष्ठा सायफनने काढली, मग पुन्हा दिलं.

आणि झाडं! झाडांबरोबर गोगलगायी, हायड्रा, प्लॅनेरिया सगळं वऱ्हाड येतं. त्यावर कोणी लिहिणार का?

शंखनाद

गोगलगायीला वऱ्हाड म्हणू नका, आमच्या भावना दुखावतात. (सदस्यनाम बघा.)

काठावरचा

चिकित्सक, ही घ्या उलटतपासणी:

स्पंज नवाकोरा. पिशवीतून काढला, धुतला, लावला. बाटलीतले बॅक्टेरिया टाकले होते.

कॉपर आयनिक. बाटलीवर लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम लिहिलं होतं, तेवढं पहिल्याच दिवशी केलं. म्हटलं, उगाच रोगाला सवड कशाला.

चौथ्या दिवशी अमोनियाची टेस्ट हिरवी आली. पण मी वाचलं होतं की अमोनिया बांधून ठेवणारं कंडिशनर टाकलं की टेस्ट बांधलेला अमोनियाही दाखवते, म्हणून घाबरायचं नाही. ते कंडिशनर मी रोज टाकत होतो.

जुना_टँकवाला

सापडलं.

तुमचे मासे क्वारंटाइनने मेले नाहीत. ते सायकल न झालेल्या, म्हणजे अमोनिया खाणारे बॅक्टेरिया न रुजलेल्या टँकमध्ये, विषात मेले. तीन चुका, आणि तिन्ही मी स्वतः केलेल्या आहेत, त्यामुळे टोचून बोलत नाही.

नव्या स्पंजवर अमोनिया खाणारं काहीच नसतं. बाटलीतले बॅक्टेरिया लागायला वेळ घेतात आणि तोवर दोन मासे ४० लिटरमध्ये श्वास घेत असतात.

कॉपर एका दिवसात पूर्ण चढवायचं नसतं. आयनिक असेल तर आधी अर्धा डोस, दोन दिवस थांबायचं, मासा खातोय ना बघायचं, मग उरलेला. चिलेटेडचं (दुसऱ्या रेणूत बांधलेल्या कॉपरचं) माप वेगळं, ते २ ते २.५ पर्यंत जातं आणि मीही ते चार-पाच दिवसांत हळूहळू चढवतो. दोन जातींचे आकडे एकमेकांत मिसळले तर एकतर रोग मरत नाही किंवा मासा मरतो.

आणि तिसरी सगळ्यात वाईट. अमोनिया बांधणारी बरीचशी कंडिशनर्स रासायनिकदृष्ट्या क्षपणकारक असतात. आयनिक कॉपरबरोबर ती टाकली की कॉपरचं रूप बदलून ते माशाला कितीतरी जास्त विषारी होतं. आयनिक कॉपरच्या बाटलीवर बारीक अक्षरात ही सूचना असते. मी ती तिसऱ्या माशानंतर भिंग लावून वाचली.

कॉपर चालू असताना अमोनिया चढला तर एकच उपाय: पाणी बदला. आणि नव्या पाण्यात तेवढंच कॉपर आधी मिसळून घ्या, नाहीतर पातळी पडते आणि दिवसांचं घड्याळ पुन्हा शून्यावर.

काठावरचा

😶

म्हणजे जे मी त्यांना वाचवायला रोज टाकत होतो...

रीफवेडी

हो. पण आता पुरे. आपण सगळेच तिथून आलो आहोत.

उपाय सोपा आहे. दोन-तीन स्पंज कायम मुख्य टँकच्या सम्पमध्ये (खालच्या फिल्टरच्या टाकीत) टाकून ठेवा, महिनाभर. काळपट, बुळबुळीत झाले की तेच उचलून क्यूटीला (क्वारंटाइन टँकला) लावायचे. तळ उघडा ठेवा, वाळू नको, लाइव्ह रॉकचा तुकडाही नको. दगड आणि कोरलची वाळू कॉपर शोषून घेते, तुम्ही ओतत राहता आणि मोजणी खालीच येते.

बुडबुडा

बघा! एवढा सगळा कुटाणा. दोन प्रकारचं कॉपर, बारीक अक्षरं, महिनाभर मुरवलेले स्पंज. सामान्य माणूस चुकणारच. म्हणून म्हणतो, निरोगी मासा निवडा आणि शांत बसा.

चिकित्सक

मधला रस्ता आहे. प्रत्येक नव्या माशाला आल्याआल्या औषध पाजलंच पाहिजे असं मीही म्हणत नाही. चार-सहा आठवडे नुसतं निरीक्षण, औषध हाताशी तयार. कॉपर न सोसणारे मासे असतातच, काही एंजल आणि रॅस त्यावर खाणं सोडतात. मँडरिन मासा तर उघड्या तळाच्या टँकमध्ये उपाशी मरेल, त्याला दिवसभर टिपायला कोपेपॉड (बारीक जिवंत जलकीटक) लागतात.

फक्त इकची भीती असेल तर बिनऔषधाची पद्धतही आहे: दर ७२ तासांच्या आत मासा दुसऱ्या स्वच्छ, कोरड्या केलेल्या टबात हलवायचा, असे चार वेळा. अंगावरून सुटलेला परजीवी मागच्या टबात राहतो आणि त्याची पिल्लं निघण्याआधी मासा पुढे गेलेला असतो. बारा-तेरा दिवसांचं काम. वेल्वेट आणि ब्रुकलिनेलाला मात्र ही युक्ती चालत नाही.

शंखनाद

बारा दिवसांत पाच टब. घरचे मलाच ७२ तासांच्या आत दुसऱ्या टबात हलवतील.

झुळूक

कोणी कोरलबद्दल का बोलत नाही? कोरलला इक होत नाही ना? मग ते थेट टाकले तर चालतात ना?

रीफवेडी

होत नाही, पण घेऊन येतात. वर जुना_टँकवाला यांनी सांगितलं तसं कवच प्लगलाही चिकटतं. ज्या टाकीत मासे आणि कोरल एकाच पाण्यात होते तिथला फ्रॅग (कोरलचा कापलेला तुकडा) म्हणजे त्या माशांना घरी आणल्यासारखंच. मी मासे काटेकोर क्वारंटाइन करून फ्रॅग मात्र डिप करून (थोडा वेळ औषधी पाण्यात बुडवून) थेट टाकत होते. पुढच्या दाराला तीन कुलपं आणि मागचं दार सताड उघडं.

डिपबद्दल. डिपने किडे पडतात, अंडी पडत नाहीत. माझ्याकडे एक झोआचा (फुलांच्या गुच्छासारख्या मऊ कोरलचा) फ्रॅग आला, दोन डोकी दिवसभर मिटलेली. डिप केला, वाडगं हलवलं, काही नाही. मग भिंग घेऊन बसले. मिटलेल्या डोक्याच्या दांड्याला एक झोआ जरा जास्तच झुलत होता. तो झोआ नव्हताच. झोआ खाणारा न्यूडीब्रँक, म्हणजे बिनशंखाची समुद्री गोगलगाय, जे खातो त्याचाच रंग अंगावर घेतलेला, कडांना तशाच झालरी. प्लग उलटा केला तर खाली पांढरी, जिलबीसारखी वळलेली अंड्यांची दोरी.

तेव्हापासून आला तो प्लग मी ठेवतच नाही. फ्रॅग त्यावरून कापून नव्या प्लगवर. मग वेगळ्या, बिनमाशाच्या टाकीत, दर आठवड्याला डिप, म्हणजे मधल्या काळात अंड्यांतून निघालेले मोठे होऊन नवी अंडी घालायच्या आत पडतात. अ‍ॅक्रोपोरा, म्हणजे फांद्यांचं कडक कोरल असेल तर बुंध्याशी जिथे मांस नसून नुसता सांगाडा आहे तिथे बघा, त्याचे चपटे किडे तिथेच अंडी घालतात. फांदीवर गोल फिकट चावे दिसले तर ते प्रकाशामुळे आहेत असं स्वतःला समजावू नका.

बिनमाशाच्या टाकीत ७६ दिवस काढले की इकचाही प्रश्न मिटतो, कारण यजमानच नाही. आणि आयप्टेशिया या उपद्रवी समुद्रफुलाचं बारीक पिल्लू तेवढ्यात मोठं होऊन दिसायला लागतं.

झोआ कापताना हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा, कृपा करून. त्यांच्यातल्या काहींमध्ये पॅलिटॉक्सिन असतं. झोआ असलेला दगड उकळायचा तर विचारही नको, त्या वाफेने माणसं दवाखान्यात गेलेली आहेत.

झुळूक

७६ दिवस 😳 कोरलचा वाढदिवस तिथेच होईल.

शंखनाद

गंभीर प्रश्न (हो, मीही विचारतो): मग शंखांचं काय? खेकडे, कोळंबी?

जुना_टँकवाला

तोच न्याय. शंखाच्या पाठीवर कवच बसू शकतं. बिनमाशाच्या टाकीत तितकेच दिवस. फक्त ती टाकी कॉपरची नको, कॉपर म्हणजे बिनकण्याच्या प्राण्यांना थेट मरण. माझ्याकडे दोन वेगळ्या टाक्या, वेगळ्या जाळ्या, वेगळ्या नळ्या, एकावर लाल चिकटपट्टी. ओला हात या टाकीतून त्या टाकीत गेला की सगळं व्यर्थ. आणि टाक्या एकमेकींना चिकटून ठेवू नका, वेल्वेट हवेत उडालेल्या तुषारांतूनही जातं. एअर स्टोनचे बुडबुडे फुटतात ते बघा कधी जवळून.

बुडबुडा

माझं नाव मध्ये आणू नका.

चिकित्सक

😂 +१

काठावरचा, आणखी एक राहिलं. पिशवी. लांबून आलेल्या पिशवीत अमोनिया साठलेला असतो, पण माशाच्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने तिथला पीएच खाली असतो म्हणून तो कमी बाधतो. पिशवी उघडली की वायू उडतो, पीएच वर, आणि तोच अमोनिया विषारी. मग लोक तासन् तास थेंब थेंब पाणी सोडत बसतात, मासा त्याच सूपमध्ये. त्यापेक्षा क्यूटीची क्षारता आधीच पिशवीइतकी करून ठेवा, तापमान जुळलं की मासा आत, पिशवीचं पाणी मोरीत. क्षारता पुढे काही दिवसांत सावकाश वाढवा.

गप्पी

झाडांचं कोणीच लिहिलं नाही. बरं, मीच लिहिते: पोटॅशियम परमँगनेटच्या गुलाबी पाण्यात दहा मिनिटं, मग स्वच्छ धुवून दोन आठवडे वेगळ्या बादलीत. गोगलगायीची अंडी तरी सुटतातच, ती नखाने काढते.

काठावरचा

तीन महिन्यांनी हजर. धागा वर काढतोय, माफी.

स्पंज महिनाभर सम्पमध्ये मुरवला. या वेळी एकच मासा, पुन्हा कोल टँग. क्षारता आधी जुळवली. तिसऱ्या दिवशी खायला लागला, पण मधूनच पाइपला अंग घासायचा, डोकं झटकायचा. ठिपका एकही नाही. औषधाची बाटली दोनदा हातात घेतली, दोनदा ठेवली. मग गोड्या पाण्याचा डिप दिला. आरओचं पाणी, तापमान आणि पीएच जुळवून, एअर स्टोन लावून, पाच मिनिटं, काळ्या बादलीत. पहिल्या मिनिटाला तो आडवा झाला आणि मी जवळजवळ काढलाच होता. मग सावरला. चौथ्या मिनिटाला तळाशी तिळाएवढे, चपटे पांढरे तुकडे दिसायला लागले. मोजले, अकरा. फ्लूक, चपटे परजीवी किडे. अंगावर असताना पारदर्शक, एकही दिसला नव्हता.

प्राझीचे (प्राझिक्वांटेल, किड्यांवरचं औषध) दोन डोस दिले, मध्ये आठवडा सोडून, कारण अंडी पहिल्याला दाद देत नाहीत. नंतर कॉपर, या वेळी चिलेटेड, पाच दिवसांत चढवलं, रोज मोजलं. अमोनिया एकदाही हिरवा झाला नाही. आज सकाळी मुख्य टँकमध्ये सोडला. क्लाऊनने जरा दम दिला, बाकी शांत.

एक प्रश्न उरलाच. माझे जुने पाच जीव कधीच क्वारंटाइन झाले नव्हते. म्हणजे टँकमध्ये आधीच काही असेल तर?

चिकित्सक

असू शकतं. टँग पहिले तीन आठवडे डोळ्यात तेल घालून बघा. त्याच्यावर काही दिसलं तर सगळे बाहेर आणि टँक ७६ दिवस रिकामा. नाही दिसलं तर नशीब चांगलं होतं असं समजा, आणि पुढचा मासा तरी नशिबावर आणू नका.

बुडबुडा

अकरा? एकाच माशावर?

रीफवेडी

बुडबुडा, काळी बादली घ्या हो एक.

जुना_टँकवाला

छान केलंत. एक विचारतो, क्यूटीतला तो स्पंज आता कुठे आहे? महिनाभर कॉपरमध्ये होता. तो परत सम्पमध्ये गेला तर तुमचा पिस्टल श्रिंप पहिला जाईल.

काठावरचा

...मोरीत, नळाखाली. दहा मिनिटांपूर्वी धुतला, हातात घेऊन सम्पकडे निघालो होतो. फोन वाजला म्हणून थांबलो, तो तुमचाच प्रतिसाद.